जिंजीचा रस्ता मी काढला होता

सेतू अत्तान आज सकाळी वारला. त्याने मला फसवलं होतं.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून जोडलेल्या हातांची रांग लागलीय. ‘थोर सायकलपटू’. ‘जिंजीपर्यंत सायकलने जाणारा आपल्यातला पहिला’. कुणीतरी सायकलसोबतचा जुना फोटोही टाकलाय.

फोटो छान आहे. आता माझं ऐका. एका बोटाने टाईप करतेय, वेळ लागेल.

मी लग्नानंतर पुण्याची झाले, पण जन्म कुंभकोणमचा. तंजावरच्या राजांच्या दरबारापाठोपाठ तिकडे गेलेल्या मराठी घरातला. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ.

सेतू माझ्या अत्तेचा मुलगा. अशा मुलाला तिकडे अत्तान म्हणतात, आणि त्याच्याशीच आपलं लग्न होणार हे मुलीला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक असतं. आमचंही ठरलेलंच होतं.

सायकल मला त्यानेच शिकवली. इंग्रजांचं राज्य होतं, लढाई चालू होती, टायर मिळायचे नाहीत. साक्कोट्टैच्या रस्त्यावर भल्या सकाळी तो सीट धरून मागे धावायचा. उंच दांडीची पुरुषी सायकल. मी परकर खोचून दांडीखालून पाय घालायची.

आमचा मुलूख तळहातासारखा सपाट. भात, कालवे, देवळं. चढ म्हणजे काय, तर कावेरीवरचा पूल! तेवढा चढतानाही मांड्या भरून यायच्या आणि मला ते फार आवडायचं.

मला खरा चढ हवा होता. डोंगर हवा होता.

अत्तान म्हणाला, “लग्न होऊं दे गे. दोघं दोन सायकलींवर जिंजीला जाऊं.”

जिंजीच्या किल्ल्याचं नाव आमच्याकडे सगळे घ्यायचे. बघून कुणीच आलं नव्हतं.

रस्ता मी काढला.

हसू नका, तेव्हा गूगल नव्हतं. शिवाय आमच्यात बाहेरचं जेवण चालायचं नाही. सायकल एका दमात पोचेल तिथे आपल्या माणसाचं घर हवं, नाहीतर उपाशी. पुरुषांना मैलाचे दगड ठाऊक. घरं बायकांना ठाऊक, कारण कुठली लेक कुठे दिली ते त्याच लक्षात ठेवतात.

मी हळदीकुंकवाला, बारशाला बायकांना विचारत सुटले. तिरुप्पनंदाळला मठाच्या मागे एक लांबची मावशी. मग अणैकरैचा पूल ओलांडून विरुद्धाचलम, तिथे देवळासमोर अम्माची मामेबहीण. विळुप्पुरमला अप्पांच्या चुलतभावाची सासुरवाडी. आणि जिंजीला किल्ल्याखालच्या गावात एक म्हातारं जोडपं. कुठे सावली नाही, कुठलं पाणी गोड, चढ कुठून लागतो, सगळं विचारून ठेवलं.

प्रत्येक घरी निरोप गेला, रंगू आणि तिचा नवरा येणार आहेत.

मग मला कुणीतरी तिरुवलंचुळीच्या वाटेवर एकटीला सायकलवर पाहिलं.

अत्ते आमच्या दारात येऊन म्हणाली, रस्त्यावर टांगा टाकणारी सून मला नको. अप्पांनी विचारलं, हिला शिकवलं कुणी?

अत्तान तिथेच खांबाला टेकून उभा होता.

“मला ठाऊक नाही, मामा.”

लग्न मोडलं. त्याने मोडू दिलं.

हे मी एक वेळ सोडून दिलं असतं. कोवळा पोरगा, आईला भ्यायचा. आईला भिणारे पुरुष मी पुढे पुण्यातही ढिगाने पाहिले.

पुढचं मात्र नाही सोडलं.

काही दिवसांनी तिरुप्पनंदाळची मावशी आली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, “ताप गेला की? तुझा नवरा येऊन गेला गे. पोळ्या केल्या, पोटभर जेवला.”

मला तापबीप काही नव्हता. मी तांदूळ निवडत बसले होते.

लढाईच्या टंचाईत लग्नं घरच्या घरी उरकायची, आमचंही झालं असंच तिने धरलं होतं; मोडल्याचं तिला कळलंच नव्हतं. वाटेवरच्या कुठल्याच घरी कळलं नव्हतं. आणि हा पठ्ठ्या दोन मित्रांना घेऊन माझ्या रस्त्याने, माझ्या माणसांच्या घरी, माझा नवरा म्हणून पाटावर बसून जेवत जेवत जिंजीला जाऊन आला.

मी खूप रडले. नवरा गेला म्हणून नाही. माझा चढ तो चढून आला म्हणून.

पुढे पुण्याचं स्थळ आलं. माणूस भला मिळाला, संसार नीट झाला. पण सायकलींच्या गावात येऊनही सासरी सुनेने सायकल काढायची सोय नव्हती. टेकडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची.

मधे कुंभकोणमला एका लग्नात आम्ही भेटलो. अत्तान व्हीलचेअरवर, भोवती नातवंडं, जिंजीची गोष्ट अगदी रंगात आलेली. एका नातीने विचारलं, जीपीएस नव्हता, मग रस्ता कसा सापडला?

“विचारत विचारत गेलों,” तो म्हणाला.

मी शेजारच्याच खुर्चीत होते. वाट पाहिली. वाटलं, आता तरी नाव घेईल. आता कुठली आई येणार आहे ओरडायला.

नाही घेतलं.

मग मीच मोठ्याने सगळा रस्ता सांगितला. गाव, घर, कुणाची लेक.

त्याने व्हीलचेअर माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, “चढ कांही फार नव्हता गे, रंगू.”

मी म्हटलं, “तें मी ठरवलं असतं.”

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आज बातमी आली तेव्हा चहा निवून गेला आणि मला कळलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रागही तसाच आहे. या वयात तो कुठे ठेवणार?

जा अत्तान. सुखाने जा.

भावपूर्ण श्रद्धांजली. भाव कुठला, ते ग्रुपवर कुणी विचारू नये.