माझी फळांपुरती पोर्तुगीज

माझी पोर्तुगीज भाषा काजूपासून सुरू होते आणि पुडिंगपाशी संपते.

दोष आडनावाचा. आम्ही वसईचे परेरा. पोर्तुगीजांनी आमच्या घराण्याला आडनाव दिलं आणि भाषा तेवढी परत घेऊन गेले! (घरात आम्ही मराठीच बोलतो. भांडतोही मराठीतच.) पण हे आमच्या अरबाबला, म्हणजे मस्कतमधल्या कंपनीच्या ओमानी मालकाला, कोण सांगणार? नव्वदच्या दशकात एकदा ब्राझीलहून इंजिनियर यायचा होता, तेव्हा त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"परेरा, ब्राझील में पुर्तगाली चलता है. तुम बोलता है ना?"

मी खरं सांगणारच होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "मेहमान खुश हुआ, तो अल हैल का घर तुम्हारा."

अल हैल! समुद्राजवळ, चांगलं ऐसपैस घर! दार्सैतच्या आमच्या खोलीत मी, बायको मार्सेलिन, मुलगी शेरन आणि व्हिजिटवर आलेल्या सासूबाई, असे चौघे कूस बदलायची तर एकमेकांना विचारून बदलत होतो.

"फर्स्ट क्लास बोलता हूँ, अरबाब!"

घरी मार्सेलिनने विचारलं, "तुला पोर्तुगीज येतं?"

"येईल."

"कधी?"

"गुरुवारपर्यंत. गुरुवारी अरबाब आणि पाहुणा आपल्याकडे जेवायला येतायत."

हॉटेलात वेटर असलेल्या मित्राने ब्राझिलियन फूड फेस्टिव्हलचं मेनूकार्ड आणून दिलं. त्यातही एकच पान. फळं, पेयं आणि गोड! (दारूची पेयं मार्सेलिनने अरबाबच्या धास्तीने आधीच खोडली.) मी पाठांतराला बसलो. काजूला ते काजूच म्हणतात हे कळल्यावर तर मला वाटलं, निम्मी भाषा आपल्याला जन्मतःच येते! पेरू म्हणजे गोयाबा, अननस म्हणजे अबाकाशी, पॅशनफ्रूट म्हणजे माराकुझा, आणि ग्वाराना म्हणजे तिकडचं कोल्ड्रिंक. मार्सेलिनने मिल्कमेड आटवून, कोको घालून ब्रिगादेइरो नावाचे लाडू वळले.

गुरुवारी अरबाबबरोबर पाहुणा आला. दारातच हसून त्याने पोर्तुगीजमध्ये लांबलचक काहीतरी विचारलं.

"गोयाबा!" मी म्हणालो आणि पेरूच्या रसाचा ग्लास त्याच्या हातात दिला.

तो पुन्हा काहीतरी बोलला. मी "माराकुझा!" म्हणून दुसरा ग्लास दिला. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही, एवढ्याच आधारावर मी किल्ला लढवत होतो.

"क्या बोला?" अरबाब.

"बोलता है, मस्कत बहुत अच्छा है."

जेवणाची ताटं आली. मी सुटलो असं समजून खुर्ची ओढली, तोच अरबाब म्हणाला, "परेरा, तुम लोग खाने से पहले दुआ करता है. आज अपनी जबान में करो. मेहमान को घर जैसा लगेगा. यल्ला!"

मार्सेलिनने डोळे मिटले, ते भक्तीने नव्हे. मी हात जोडले आणि रोज रोझरीनंतर एकेक पवित्र नाव घेत म्हणतो त्या लितानीच्या चालीवर सुरुवात केली, "गोयाबा…"

सासूबाईंना गेल्या कित्येक वर्षांची सवय! त्यांनी तत्काळ खड्या आवाजात साथ दिली, "आम्हासाठी विनंती कर!"

आता थांबणं शक्य नव्हतं.

"अबाकाशी…"

"आम्हासाठी विनंती कर!" या वेळी मार्सेलिनही.

"पप्पा, दॅट्स पायनॅपल!" शेरन कुजबुजली. मी टेबलाखालून तिला पाय मारला.

"माराकुझा… ग्वाराना… ब्रिगादेइरो…"

पाहुण्याने रुमालात तोंड खुपसलं. त्याचे खांदे गदगदत होते. ते बघून अरबाबचेही डोळे भरून आले. मी पुडिंगपाशी येऊन "आमेन" म्हणालो, तेव्हा पाहुणा उठला, त्याने मला मिठी मारली आणि डोळे पुसत मोडक्या इंग्रजीत अरबाबला म्हणाला, "धिस मॅन… व्हेरी, व्हेरी रिलिजस!"

देवमाणूस! मला वाचवलं! त्या क्षणी मी मनातल्या मनात अल हैलच्या घराला पडदेसुद्धा लावले.

निघताना अरबाबने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "परेरा, मेहमान बहुत खुश. घर तुमको ही देना था."

"शुक्रन, अरबाब!"

"लेकिन अल हैल से तुम्हारा चर्च कितना दूर! इतना नेक आदमी, इतनी नेक सास. नहीं, मुझे गुनाह लगेगा. तुम यहीं दार्सैत में रहो, चर्च के पास. इन्शाल्ला, हमेशा!"

दार लागलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, प्रार्थनेचं फळ मिळतंच!" मार्सेलिन पुढे आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, कुठल्याच भाषेत.

पोर्तुगीजांनी मस्कत गमावलं ते निदान लढाईत हरून. या परेराने अल हैल गमावलं ते पेरूची करुणा भाकून!