घाटीतला चौथरा

मेसोपोटेमियातून मी परतलो तो उजव्या मांडीत गोळीचा खड्डा घेऊन. पाय ओढत चालायचो, पण चालायचो. जयगडच्या खाडीकाठी आमचं गाव. गावातून लढाईवर गेलेल्यांची आठवण म्हणून सरकारने शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवली, तेव्हा आम्ही परतलेले सगळे पदकं लावून रांगेत उभे होतो. पाटीवर नावं नव्हती. गावातून किती गेले आणि त्यातले किती कामी आले, एवढे दोनच आकडे.

समारंभ उरकल्यावर भोयांच्या घरातली म्हातारी माझ्याजवळ आली. तिचा एकुलता मुलगा माझ्याच वयाचा. घरात पालखी वाहायचं पिढीजात काम, म्हणून फौजेतही त्याला जखमींची डोली उचलायला दिली. मला गोळी लागली तेव्हा उघड्या रेतीतून मला मागे आणलं ते त्याने आणि त्याच्या जोडीदाराने. मी वाचलो. तो राहिला तिकडेच.

"ह्या आकड्यात माजा पोर हाय ना रं?" तिने विचारलं.

मी मनाशी एकेकाचं नाव घेत मोजलं. पाटीवरचा आकडा एकाने कमी भरत होता.

"बघतो, काकी," मी म्हणालो.

आठ दिवसांनी आगबोटीने मांडवी बंदरात उतरलो आणि जिल्ह्याची कचेरी गाठली. कारकून भला माणूस होता. त्याने याद्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. भोयाचा मुलगा भरती झाला तेव्हा मुंबईच्या गोदीत हमाली करत होता, म्हणून कागदावर त्याचं गाव मुंबई पडलं होतं.

"अर्ज देऊन ठेवा," कारकून म्हणाला. "पण बसलेली पाटी कोणी काढेल असं मला वाटत नाही."

अर्ज दिला. उत्तराची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. परतीच्या बोटीतच मी ठरवलं, त्याची आठवण आपण उभी करायची आणि ती लोकांच्या कामाची असली पाहिजे.

धक्क्यावरून वर सड्यावर, माथ्यावरच्या कातळपठारावर जाणारी आमची घाटी उभी चढणीची. डोक्यावर मासळीची पाटी, भाताचं गाठोडं, लाकडाची मोळी घेऊन बायका ती चढायच्या. मध्ये ओझं जमिनीवर टेकवलं तर परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागायचं. तिथे चिऱ्यांचा उंच चौथरा बांधला तर ओझं त्याच्यावर सरकवून दम खाता येईल आणि निघताना कुणाची वाट बघायला नको.

लढाईवरून आलेल्यांना मी घरोघर जाऊन सांगितलं. बहुतेक लगेच तयार झाले. आमच्यातले सगळ्यात वडील हवालदार मात्र ओटीवरून उठलेच नाहीत.

"भोयाच्या पोरासाठी आम्ही चिरे वाहायचे?"

"हो," मी म्हणालो. "मी बोलवायला आलोय, हवालदार. परवानगी मागायला नाही."

आयुष्यात त्यांना उलट बोलल्याची ती माझी पहिलीच वेळ.

सड्यावरच्या खाणीतून चिरे काढले आणि खांद्यावरून खाली आणले. मी दुखऱ्या पायाने एका खेपेला एकच चिरा आणायचो, पण दिवसभर आणायचो. आमच्यातला एकजण लढाईआधी गवंडी होता. त्याने उंचीसाठी आमच्या खांद्याला दोरी लावली, तशी बघत बसलेली म्हातारी उठली.

"तुमच्या खांद्याचं काय करायचंय? वझी बायका व्हातात." ती मोळी डोक्यावर घेऊन ताठ उभी राहिली आणि आपल्या खांद्याकडे बोट करून म्हणाली, "हितं दोरी लाव."

दोरी चांगली वीतभर खाली आली. तीच उंची धरली.

चौथ्या दिवशी हवालदार आले. कोट काढून झाडाला अडकवला, खांद्यावर फडकं टाकलं आणि खाणीकडे चालू लागले. संध्याकाळपर्यंत ते वाहत होते. घरी निघताना एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातला चिरा हलतोय. उद्या नीट बसवा."

गवंड्याने दर्शनी चिऱ्यावर मुलाचं नाव कोरलं. काही वर्षांत लोक घाटीतल्या त्या वळणालाच त्या नावाने ओळखू लागले. कचेरीचं उत्तर आलं नाही आणि मीही पुन्हा गेलो नाही.

चौथरा पुरा झाला त्यानंतरच्या एका सकाळी म्हातारी तिथे एकटीच बसली होती. मला हाताने बोलावून तिने शेजारी बसवलं.

"तू मला तो तापानं गेला म्हून सांगितलंस. खरं काय झालं?"

इतकी वर्षं मी ते टाळत होतो. तिथे मला टाळता येईना. मला तंबूत पोचवून तो दुसऱ्या जखमीला आणायला परत गेला, वाटेत तोफेचा गोळा पडला, हे मी तिला जसं घडलं तसं सांगितलं. ती खाडीकडे बघत ऐकत राहिली.

"त्या दुसऱ्याला आणला का कुणी?"

"आणला. रात्र पडायच्या आत."

"बरं झालं." मग ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी जेवला होता का रं तो?"

"जेवला होता, काकी. सकाळी आम्ही एकत्रच बसलो होतो. चपात्या होत्या आणि गूळ. माझा गूळही त्यानेच खाल्ला."

ती हसली. पदराने डोळे पुसले. "गूळ लय आवडायचा त्याला," म्हणाली, आणि तो लहानपणी मडक्यातून गूळ कसा चोरायचा ते मला सांगू लागली. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही बोलत बसलो.