गुलाबी ठिपका आणि खर्रा

"मी खर्रा खात नाई, डॉक्टर. मले सुपारीचीबी सवय नाई," निर्मलाताई तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि मी तिसऱ्यांदा नुसती मान डोलावली. आमच्या आरमोरीकडे दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा खिशात असतो, तोंडात मात्र "नाई" असतं.

निर्मलाताई जवळच्याच गावातल्या आशा सेविका, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. बायकांच्या बैठका घेऊन खर्रा सोडायला सांगायच्या. त्यांच्या वरच्या समोरच्या दातावर, खर्ऱ्याच्या लालसर डागासारखा, गुलाबी ठिपका आला होता.

"बाया हासतात. म्हणतात, आमाले सोडाले सांगते अन् सोताच खाते. हे काढून द्या, मंग मी बैठकीत तोंड उघडीन."

मी मशीननं दात साफ केले. ठिपका तसाच राहिला. "जुना डाग आहे, जाईल हळूहळू," मी ठोकून दिलं. घासून न जाणारा डाग दाताच्या आत असू शकतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. एक्स-रे मशीन हातभर अंतरावर होतं. पण बाई खोटं बोलते आहे, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वर्षभरानं त्या परत आल्या. ठिपका पसरला होता, दात हलत होता.

"दाताला कधी मार लागला होता?"

"स्कूटीवरून पडली होती ना, रोवणीच्या दिवसात. मांगंच सांगतलं होतं तुमाले."

सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

मी लगेच एक्स-रे काढला. दाताच्या मुळातली बारीक नळी मध्येच फुग्यासारखी फुगली होती. याला रिसॉर्प्शन म्हणतात. मार लागल्यावर कधी कधी दाताच्या आतला जिवंत भागच दाताला आतून खायला लागतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. दात आतून पातळ झाला की आतलं रक्ताळलेलं मांस बाहेरून गुलाबी दिसतं. लवकर सापडलं तर रूट कॅनलनं हे खाणं थांबतं. साधा एक्स-रे सपाट असतो, भोक मुळाच्या बाहेर पडलंय का ते त्यात नीट कळत नाही. म्हणून त्यांना सीबीसीटीसाठी, म्हणजे चहूबाजूंनी दाखवणाऱ्या स्कॅनसाठी, नागपूरला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. "मुळाला आरपार भोक पडलंय, सर. दात वाचणार नाही. आधीचा एक्स-रे आहे का?"

"नाही."

"का नाही काढला?"

मी फोन ठेवला.

दात काढला त्या दिवशी निर्मलाताईंना मी सगळं खरं सांगितलं. मला फार लाज वाटत होती. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तोंडात कापूस धरून एवढंच म्हणाल्या, "मी खर्रा खात नाई, असं कागदावर लिवून द्या. शिक्का मारून."

मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद बैठकीत वाचून दाखवला. बायांनी कागदाकडे पाहिलं, दाताच्या खिंडाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खर्ऱ्यानंच गेला बापा." त्यानंतर निर्मलाताईंनी बैठका सोडल्या.

खर्रा खाता का, हे मी अजूनही प्रत्येकाला विचारतो. फक्त आता एक्स-रे काढून झाल्यावर विचारतो.