साडूभाऊंची पातळ विद्या

जगात कुठलीही गोष्ट अडकू नये, एवढ्यासाठीच आमचे साडू जन्माला आले, असं माझं ठाम मत आहे. नवीन जालन्यात घरी बसून ते पुण्याच्या एका कंपनीचं काम करतात. काम काय, तर नेटवर्कवर गर्दी झाली की व्हिडिओनं नेटवर्कच्या मेंदूकडे ‘मला एवढी वाट हवी’ अशी मागणी कशी करायची आणि मेंदूनं ती वाट कशी वाटून द्यायची, याचे प्रोग्राम लिहिणं. त्यांनी मला हे कितीदा तरी समजावलं. मी दरवेळी मान डोलावून चहा मागितला. शेवटी सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणात आमरस कमी पडला, तेव्हा साडू थेट स्वयंपाकघरात शिरले. “कोणाचंच थांबवू नका, आत्याबाई! समद्यायचा रस जरा पातळ करा, पन धार तुटू देऊ नका. व्हिडिओचं बिलकुल असंच असतंय!” सासूबाईंनी पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. मला शास्त्र कळलं, पण रस हातचा गेला.

त्यांच्या मुलीचा साखरपुडा जुन्या जालन्यात होता. साडूंचे वडील, अण्णा, मांडीचं हाड मोडून भोकरदनला अंथरुणावर. नातीचा साखरपुडा त्यांना दिसलाच पाहिजे, म्हणून साडूंनी हॉलमध्ये स्वतःचं वायफाय लावलं, अण्णांना व्हिडिओ कॉल लावून फोन मंचासमोर उभा केला आणि लॅपटॉप घेऊन खांबाआड बसले. वाट अण्णांच्या व्हिडिओला. बाकी सगळे पातळ. मी कोपऱ्यात गुपचूप क्रिकेट बघत होतो. फलंदाजाचे चौकोन झाले.

“साडूभाऊ, माझी मॅच...”

“कळ काढा! अण्णा बघून राह्यले तिकडं.”

तेवढ्यात फोनमधून अण्णांचा आवाज आला. “चित्र झ्याक हाय रे. पन पोरीचा बाप कुठं गेला?”

साडू गोंधळले, लॅपटॉप सोडून मंचावर गेले. मुलगी पाया पडली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि इकडे वाट सांभाळायला कोणी नसल्यानं भोकरदनला चित्र त्या हातावरच थिजून राहिलं. परत येऊन साडूंनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पुढचे काही दिवस ते तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासत बसले.

नंतर आम्ही दोघं भोकरदनला गेलो. अण्णा उशीला टेकून बसले होते, चेहरा खुललेला.

“समदं बघितलं म्या,” ते म्हणाले. “पोरीच्या डोक्यावर तुझा हात व्हता. लई येळ ठेवलास, बाबा. बराबर केलंस.”

मी साडूंकडे पाहिलं. चूक दुरुस्त केल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नाही, ते साडू खाली बघून नुसते “हो, अण्णा” म्हणाले.