घागरीला लागलेला हात

गिरजाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी नळाखाली कळशी लावून उभी होते. लातूरहून त्यांची सून बोलत होती. "काकू, अक्का गेल्या... झोपेतच." मी "बरं" म्हणाले. एवढंच. कळशी भरून वाहत राहिली आणि नळ बंद करायचं मला सुचेना. या गोष्टीला दीड महिना झाला. बोलायच्या वेळी गप्प बसायची माझी खोड जुनी आहे, आणि ती सगळ्यांत जास्त अक्कांनाच भोवली.

मी मुदखेडची, लग्न होऊन लातूरला आले. लातूर जिल्हा नवा झालेला, आणि दुष्काळ. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नसायचा. शेजारच्या गिरजाअक्का डाळीच्या मिलमध्ये निवडणीला जायच्या. त्यांनी रांगेला एक रीत लावून दिली होती. जिची घागर पुढं, तिनं टँकर येईपर्यंत आपलं काही सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, शहाणपण शिकवायचं नाही. "आता जिल्हा झाला, टँकर येळेवर येईल बघा," असं कुणी म्हटलं की अक्का म्हणायच्या, "हाव, उशीर का झाला ते सांगायला सायेब जवळ आला, एवढंच!" खरं तर आमच्या घरच्या आडाला अजून पाणी होतं. मी जायची ती ऐकायला. बाईनं स्वतःबद्दल बोलायचं असतं, हे मला ना माहेरी ठाऊक होतं ना सासरी. माझी घागर पुढं आली की मी ती गुपचूप मागं नेऊन ठेवायची. "रांगेत लाजाळूचं झाड लावलंय बायांनो," अक्का हसायच्या. पण जबरदस्ती कधी केली नाही.

भरलेली घागर एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो. सहावा महिना होता मला. त्या दिवशी अक्कांनीच चुंबळ नीट बसवून घागर डोक्यावर दिली, "सावकाश जा गं," म्हणाल्या. दोन दिवसांनी माझं मूल गेलं. मुलगी होती. सासूबाई म्हणाल्या, "रांगेतल्या गप्पांची चटक लागली, तिनं पोर खाल्लं." मला ते खरं वाटलं. मी उंबऱ्याबाहेर पडेनाशी झाले. शेवटी अक्काच आल्या. "रिकामी घागर घे. भरू नको, नुस्तं बस." त्या दिवशी गल्लीतल्याच हसीनाबीची घागर पुढं होती. ती म्हणाली, "मला डाक्टरनं पलंगावरून उठू दिलं न्हाई. अम्मी पानी बी हातात द्यायची. तरी गेलं माझं. मी कुनाला बोल लावू?" मला कुणी समजावलं असतं तर पटलं नसतं. पण ती समजावत नव्हती, आपलं सांगत होती. ऐकता ऐकता कळलं, की मी मुलीसाठी अजून रडलेच नव्हते. नुसती गुन्हेगारासारखी बसले होते. त्या दिवशी पदर तोंडात धरून रडले... सांगितलं मात्र काहीच नाही.

पुढं आम्ही नांदेडला राहायला आलो. गेल्या उन्हाळ्यात लातूरला अक्कांना भेटायला गेले. अंथरुणाला खिळल्या होत्या, पण डोळ्यांत तोच मिश्कीलपणा. "हसीनाची घागर त्या दिवशी मीच पुढं लावली व्हती, ठाव हाय का? तुझ्यासाठी." मी हसले. मग त्या छताकडं बघत म्हणाल्या, "पर माझ्यासाठी कुनाची लावू, शैला? तुझ्या डोक्यावर घागर मीच दिली व्हती..."

इतकी वर्षं! त्यांनी मला सोडवलं आणि स्वतः तिथंच अडकून राहिल्या. उत्तर माझ्याजवळ होतं; त्यांनीच मिळवून दिलेलं. आणि मी काय म्हणाले? "अक्का, चहा निवायलाय." त्यांनी कप तोंडाला लावला. "येतीस न्हवं परत?" "येते की." पुन्हा गेले ते त्या गेल्यावर.

सुनेनं त्यांची चुंबळ मला दिली. जुन्या हिरव्या लुगड्याची, मधे झिजून मऊ झालेली. नांदेडला ती ओट्यावर ठेवली आहे, तिच्यावर कळशी. कळशी भरली की अजूनही मी लगेच उचलत नाही. समोरून दुसरा हात लागायची वाट बघते. तेवढ्यात बोलून घेते, मोठ्यानं. अक्का, मुलगी होती. तिचं नाव मी मनात ठरवून ठेवलं होतं, गोदावरी. तुमच्या हातानं काही झालं नाही...

मग एकटीच उचलते.