कौसल्याची मूठ

शेवटचं काम आम्ही दोघांनी केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. दुपार होती. माझी बायको कौसल्या तिच्या बसवलेल्या, मशीनच्या उजव्या हातात शेंग धरे अन् डाव्यानं दाणे काढे. माझ्याच शेंगांत अळ्या निघत. ती म्हणे, "तुमच्याच वाट्याले काहून येतात जी? वळखीच्या असतीन." मी म्हटलं, "तोंड कमी चालव वं, हात चालव." तिनं शेंग टाकली, मशीनच्या हातानं माझं मनगट धरलं... अन् मान टाकली. बस. एवढंच.

सावनेरले चारा कापायच्या मशीनीत तिचा हात कोपराखाली गेला होता. मग इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मृणाल नावाच्या पोरीनं हा हात बनवून वापराले दिला. उरलेल्या हाताचं मांस आखडलं की आतल्या, कातडीले टेकलेल्या पट्ट्यांले इशारा जाये, बोटं मिटत. वेगळं आखडलं की उघडत. पण कप धरता धरता मधेच सोडे. घाम आला की भलतंच करे. मृणाल महिनोन्‌महिने डोकं खाजवत होती. चूक माझी होती. तिचा उरलेला हात ठणके म्हणून मी रोज सकाळी त्याले तिळाचं तेल चोळत होतो. तेलानं इशारा पट्टीपर्यंत नीट पोचेच ना. तेल बंद केलं अन् हात शहाणा झाला. त्या दिवशी मात्र थंडी लई होती. कौसल्या म्हणे, "लावा जी थोडंसं. त्या पोरीले सांगू नका." मी लावलं.

तर... ती गेली अन् मूठ सुटेना. अंग थंड होत गेलं, अन् एक बोट माझ्या मनगटावर हलतच होतं. मले वाटलं, आहे अजून. मृणालले फोन केला. ती रडत म्हणे, "बाबा, इशारा थांबला की हात आहे तसाच राहतो. पट्टी सरकली असेल, म्हणून बोट हलतं. मागचं बटण दाबा." मी दाबलं नाही. शेजारीण आली, तिनं दाबलं.

तेरवी झाल्यावर मृणाल घरी आली. म्हणे, हातात सगळे इशारे साठून राहतात. शेवटचा धरायचा होता की सोडायचा, ते दिसेल. "तुम्ही म्हणाल तरच पाहीन." तवापासून एकच घोर. तिनं मले सोडायचं म्हटलं असंल, अन् माझ्या तेलानं हाताले समजलंच नसंल तर?

मी हात फळीवर ठेवला, रोज चार्जिंगले लावला. भिंतीपलीकडं मिक्सर चालला की बोटं आपोआप मिटत. विजेच्या गडबडीनं होते, मले ठाऊक होतं. तरी मी विचारे, "काय पाहिजे वं?" एका संध्याकाळी त्याच्या तळव्यात माझी बोटं देऊन बसलो. मिक्सर चालला. मूठ आवळली... लई वेळानं बटण मीच दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात फडक्यात गुंडाळून कॉलेजात गेलो. मृणालले म्हटलं, "आधी लिहून घे. त्या दिवशी तेल होतं. मीच लावलं." तिनं लिहिलं. मग हळूच म्हणे, "पाहायचं, बाबा?"

मी खुर्ची ओढली अन् बसलो.