कोरा सोडलेला रकाना

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका बाईंच्या गोपनीय अहवालात ‘सचोटी’ या शब्दापुढचा रकाना मी जाणूनबुजून कोरा सोडला होता. ही गोष्ट चार वर्षे मी कोणालाही, अगदी घरीसुद्धा, सांगितली नाही.

मी पुण्यातल्या एका स्थानिक स्वराज्य संस्थेचा विधी व दक्षता अधिकारी. एखादा ठराव नियमात बसतो का, त्यात कोणा अधिकाऱ्याचा हितसंबंध तर दडलेला नाही ना, हे तपासून अभिप्राय द्यायचा, हे माझे काम. लोकांवर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, असे पत्नी थट्टेने म्हणे. मी ते फार मनावर घेतले असावे.

बाई आमच्या विभागाच्या मुख्य लिपिक. शनिवार पेठेत वाढलेल्या. बोलणे मोजके आणि धारदार. आमच्याकडे अभिप्राय आधी पेन्सिलीने लिहायची पद्धत आहे. वरिष्ठांनी मान हलवली की मग तो शाईने गिरवायचा. तोवर मजकूर मला, वरिष्ठांना आणि फाइल नेणाऱ्या बाईंना, एवढ्या तिघांनाच ठाऊक असतो. हडपसरच्या एका भूखंडाच्या सुनावणीत समोरच्या वकिलाने माझे पेन्सिलीतले एक वाक्य शब्दशः म्हणून दाखवले, तेव्हा मजकूर आतूनच फुटला अशी माझी खात्री झाली. वरिष्ठांवर संशय घेणे मला झेपणारे नव्हते. उरल्या बाई.

त्यानंतर त्यांचे सारेच वागणे मला वेगळे दिसू लागले. झेरॉक्सला वेळ लागला की मी घड्याळ पाही. त्या फोन घेऊन जिन्यात गेल्या की मला कारण नसताना पाणी प्यायला उठावेसे वाटे. हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. “साहेब, पाळत ठेवायची तर सहापर्यंत थांबत चला,” त्या एकदा टाइप करता करता म्हणाल्या. “आपण सव्वापाचलाच उठता.” त्यांचा हा निर्ढावलेपणाही मी पुराव्यात जमा केला. एका फाइलीत मुद्दाम चुकीचे वाक्य लिहून मी ते बाहेर फुटण्याची वाट पाहिली. ते कुठेच फुटले नाही. बाई फारच सावध आहेत, असा निष्कर्ष मी काढला.

सचोटीविषयी शंका असेल तर रकाना कोरा ठेवावा आणि कारणांची टिपणी सोबत जोडावी, असा नियम. टिपणीत लिहायला माझ्यापाशी काही नव्हते. मी नुसता रकाना कोरा ठेवला. बढती ठरवणाऱ्या समितीने त्याचा अर्थ लावायचा तोच लावला, आणि अधीक्षकाचे पद बाईंना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ गृहस्थांना मिळाले.

बाई माझ्याकडे आल्या. वाईट शेरा असेल तर तो कळवावा लागतो, त्याला उत्तर देता येते. आपल्याला तर काहीच कळवलेले नाही, मग कशामुळे झाले असेल, असे त्यांनी विचारले. समितीचे काही सांगता येत नाही, असे मी म्हणालो. नियमांचे पालन होते की नाही हे पाहणारा मीच होतो, म्हणून त्यांनी ते खरे मानले.

पुढे दीड-दोन वर्षांनी जुना निकाल शोधताना माझाच एक विसरलेला अभिप्राय हाती लागला. त्यात तेच वाक्य होते, स्वल्पविरामासकट. खाली त्याच वकिलाचा माहिती अधिकारातला अर्ज आणि सुनावणीच्या आधीच नक्कल मिळाल्याची सही. मला माझी आवडती वाक्ये पुन्हा पुन्हा वापरायची सवय आहे. कोणी काही फोडलेच नव्हते.

तरीही मी गप्प राहिलो. दक्षता अधिकारीच चुकला असे दिसले तर लोकांचा विश्वास उडेल, असे स्वतःला समजावत राहिलो. तो विश्वास नव्हता, माझी अब्रू होती. बाईंच्या निवृत्तीला आठ महिने उरले आणि समितीची त्यांच्यासाठीची अखेरची बैठक ठरली, तेव्हा मी जुना अभिप्राय जोडून अध्यक्षांना सारे लेखी कळवले. मला ताकीद मिळाली. बाईंना पद मिळाले.

दुसऱ्या दिवशी बाई आदेशाचा कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या. समितीपुढे आपणच शब्द टाकलात असे कळले, म्हणून आभार मानायला आले, असे म्हणाल्या. बाहेर सगळा विभाग कामाला बसलेला होता. नुसती मान हलवली असती तरी निभावले असते. मी उठून उभा राहिलो आणि दाराबाहेर पाहिले.

“दार लावू का?” त्यांनी विचारले.

“नको, उघडंच असू द्या,” मी म्हणालो. “बाई, माझे आभार मानू नका. तुमचा सचोटीचा रकाना मीच कोरा सोडला होता. पुरावा काही नव्हता, नुसता संशय होता. तो खोटा ठरल्यावरही मी दोन वर्षं गप्प बसलो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मी आपली क्षमा मागतो.”